पलंगाखालचं रबर

रबर वापरून झिजतं असं लोकांना वाटतं. टायरचं झिजतं, चपलेचं झिजतं, खरं आहे. पण गाडीतलं बाकीचं रबर बहुतेक वेळा नुसतं बसूनच मरतं. चार वर्षं शेडमध्ये उभी असलेली गाडी घेऊन माणूस येतो आणि तक्रार करतो, "आक्का, एक किलोमीटर पळाली न्हाय बघा. मग काचंचं रबर कसं काय फाटलं?" मी त्याला सांगते, बाबा, गाडी उभी असली तरी तिचं वय थांबत नाही.

मी बेळगावात गाड्यांची रबरं करते. टायर-ट्यूब नव्हे. काचेभोवतीची पट्टी, दाराची बीडिंग, चाकांजवळचे बुश, इंजिनाखालच्या गाद्या, नळ्या, वायसर. ही सगळी काढून टाकली तरी गाडी चालेल, पण पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवल्यासारखी. डोक्यावर पाणी गळेपर्यंत त्यांच्याकडे कुणी बघत नाही.

हा धंदा मी कात्रीपासून शिकले. लग्न होऊन हिंडलग्याला आले आणि उद्यमबागेतल्या एका रबराच्या कारखान्यात कामाला लागले. करंजीच्या कडेला जास्तीची पारी राहते, तसा साच्यातून निघालेल्या मालाच्या कडेला पातळ पापुद्रा राहतो. तो कापायचं काम बायकांचं. प्रेसवर पुरुष. आम्ही बाया ओळीनं बसून दिवसभर पापुद्रे कापायचो आणि संध्याकाळी अंगाला गंधकाचा वास घेऊन घरी जायचो. एकदा प्रेसवरचे दोघंही लग्नाला गेले आणि माल तर पाठवायचा होता. मी म्हटलं, मी बघितलंय, करते. मालक हसले, पण दुसरा इलाज नव्हता. त्या दिवशी मी काढलेल्या मालात खराब नग निघाला नाही, आणि मग कात्रीकडे परत जायची माझी इच्छाही राहिली नाही. पुढं काही वर्षांनी स्वतःचा लहान प्रेस घेतला. माझ्याबरोबर कात्री चालवणारी कस्तुरी माझ्याकडे आली, ती अजून आहे. तिचं मराठी अर्धं, माझं कन्नड अर्धं. दोघींचं मिळून एक पुरतं.

काम समजायला सोपं आहे. कच्चं रबर कणकेसारखं असतं. ते साच्यात घालायचं, वरून दाब, खालून ताप. कमी भाजलं तर चिकट राहतं, जास्त भाजलं तर तडकतं. भाकरी करणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही. शिकावं लागतं ते एवढंच, की कुठल्या जागेला कुठलं रबर. साधं रबर तेलात फुगतं. खानापूरकडचे एक आप्पा दर अमावास्येला आपल्या जीपच्या दारांच्या रबरांना शेंगतेल चोळायचे. वर्षभरात रबरं वड्यासारखी फुगली आणि दार लागेना. सुंभानं दार बांधून ते माझ्याकडे आले. म्हणाले, "तेल लावल्यावर माणसाचं कातडं मऊ व्हतंय, मग रबराचं का होऊ न्हाय?" मला हसू आवरेना. पण ऐकणाऱ्याला पटावा असाच प्रश्न होता तो. तेलाच्या जागेला वेगळं रबर लागतं, उन्हाच्या जागेला वेगळं, आगीजवळ आणखी वेगळं. बघायला गेलं तर सगळी काळीच. चूक होते ती तिथंच.

आप्पांच्या चुकीला मी हसले. माझ्या चुकीची गोष्ट आता सांगते.

एक दिवस निपाणीहून एका बाईंचा फोन आला. आवाज शाळेतला, स्पष्ट. "माझ्याकडे एक म्हातारी गाडी आहे आणि एक म्हातारी आई आहे. दोघींना घेऊन नागपूरला जायचंय. गाडीची रबरं गेलीत. तुम्ही करता का?"

त्या प्रज्ञाबाई कांबळे. निपाणीच्या एका हायस्कुलात त्यांनी तीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. आई आणि त्या, दोघीच. चार दिवसांनी त्या स्वतः गाडी चालवत उद्यमबागेत आल्या, तेव्हा आजूबाजूच्या शेडमधली माणसं हातातलं काम टाकून बघायला आली. गोल तोंडाची, दुधी रंगाची जुनी परदेशी व्हॅन. कुणी परदेशी माणूस ती गोव्यात सोडून गेला होता. मग दोन मालक झाले, आणि तिसऱ्या बाई. आत लहानशी शेगडी, हात धुवायचं भांडं, छत्रीसारखं वर उघडणारं छप्पर, आणि मागं पलंग. कस्तुरीनं दारातून डोकं घातलं आणि कन्नडमध्ये ओरडली, "अय्य, इदु मनी!" हे तर घरच आहे.

"आईला बसवत नाही," बाई म्हणाल्या. "आठव्या वर्षापासून विड्या वळल्या तिनं. पाटावर वाकून पाठीचा कणाच तसा झाला. बसमध्ये बसवली तर कागल येईपर्यंत रडकुंडीला येते. तिला आडवंच न्यायला पाहिजे. म्हणून ही गाडी."

"नागपूरला काय, पाव्हणे हायत?"

"दीक्षाभूमी. तिला एकदा बघायचीय. गर्दीच्या दिवशी नाही, निवांत. दिवाळी झाली की लगेच, म्हणजे पंधरा दिवसांत निघायचंय. थंडीत तिची छाती भरते, त्याच्या आत परत यायचं."

मी गाडी फिरून बघितली. काचांची रबरं नखानं टोचली तर भुगा पडत होता. सरकत्या दाराची बीडिंग डांबरासारखी चिकटली होती. छपराच्या सांध्यातून तर उजेड दिसत होता. मी म्हटलं, "आठ दिवस ठेवा."

जुन्या गाडीची काच बसवणं हे बघण्यासारखं काम आहे. रबर आधी काचेला घालायचं. रबराच्या खाचेत सगळीकडून एक दोरी भरायची. साबणाचं पाणी लावायचं आणि काच बाहेरून चौकटीला टेकवायची. मग एकीनं बाहेरून तळव्यानं दाबत राहायचं आणि दुसरीनं आतून दोरी हळूहळू ओढायची. दोरी निघत जाते तसा रबराचा ओठ पत्र्यावर चढत जातो. घाई केली की काच तडकते. कस्तुरी बाहेर, मी आत, अशा आम्ही त्या गाडीच्या सगळ्या काचा बसवल्या. शेवटची दोरी सुटली की ती "बंतु, आक्का, बंतु!" म्हणून टाळी वाजवायची. आलं, आलं! इतक्या वर्षांनीही तिला त्याचं नवल वाटतं. मलाही वाटतं, फक्त मी टाळी वाजवत नाही.

शेवटी राहिलं ते पलंगाखालचं. या गाडीचं इंजिन मागं असतं, पलंगाच्या खाली. गादी उचलली की एक लोखंडी झाकण दिसतं, आणि त्या झाकणाच्या कडेनं एक रबर. ते जळून, कडक होऊन, जागोजाग तुटलं होतं. तिथं तापाला टिकणारं रबर लागतं. माझ्याकडे त्या मापाचा साचा नव्हता. साचा करून घ्यायचा तर तीन आठवडे गेले असते, आणि बाईंना निघायचं होतं पंधरा दिवसांत.

मी म्हटलं, "हे आतलं हाय बाई. हितं पाणी येत न्हाय, ऊन लागत न्हाय. परत आल्यावर करू निवांत."

बाई म्हणाल्या, "तुम्हाला कळतं त्यातलं."

उरलेसुरले तुकडे मी चिकटद्रव्यानं बसवले आणि वरून गादी ओढली. मग पाण्याची नळी घेऊन अर्धा तास गाडीवर पाऊस पाडला. आत कोरडी फरशी. मी गाडीच्या पत्र्यावर थाप मारून म्हटलं, "थेंब न्हाय!" आणि त्या दिवशी घरी जाताना मी जरा छाती काढूनच चालले होते.

निघण्याआधी बाईंनी एक लहानशी फेरी करायचं ठरवलं. निपाणीहून संकेश्वरपर्यंत जायचं, चहा घ्यायचा, परत यायचं. "वाऱ्यात काचा कशा बसतात ते तुम्ही बघायला या," म्हणाल्या. मी रविवारी सकाळच्या बसनं निपाणीला गेले.

तेव्हा त्यांच्या आईला मी पहिल्यांदा बघितलं. सोनाबाई. ऐंशी पार केलेली, कोयत्यासारखी वाकलेली बाई. डोळे मात्र लखलखीत. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "तूच व्हय ती रबरवाली? मी म्हटलं बापई मानूस आसंल." बाई बोलायच्या पुस्तकी मराठी, आणि आई अस्सल आमच्याकडची. आमच्याकडच्या बाया बोलताना 'मी आले' म्हणत नाहीत, 'मी आलो' म्हणतात. पुण्याच्या माणसाला ते चुकीचं वाटतं. आम्हाला ते कानाला गोड लागतं.

सोनामावशींना पलंगावर कुशीवर झोपवलं. धुळीनं त्यांना खोकला येतो म्हणून मागच्या सगळ्या काचा बंद केल्या. मी पुढं बाईंच्या शेजारी बसले. पुढची लहान काच तेवढी उघडी होती. तवंदी घाट चढेपर्यंत मावशी मागून बोलत होत्या. ही गाडी आवाज लई करती, ती म्हैस बघ, असं चाललं होतं. घाट संपला आणि त्या गप्प झाल्या.

"झोपली," बाई आरशात बघून म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "दिवसा तिला झोप लागत नाही हो कधी. बघा कशी झोपली."

मीसुद्धा मागं वळून बघितलं. बंद काचा, एकही खुळखुळ नाही, गाढ झोपलेली म्हातारी. मला माझ्या कामाचं कौतुक वाटलं.

संकेश्वरला चहासाठी थांबलो. बाई हाका मारायला गेल्या, तर मावशी उठेनात. हलवल्यावर डोळे उघडले, पण नजर ठरेना. "डोकं... डोकं फुटाय लागलंय," एवढंच म्हणाल्या, तेही जड जिभेनं, आणि पलंगाच्या कडेला ओकल्या. चहावाल्यानं आणि आम्ही मिळून त्यांना उचललं. दवाखाना जवळच होता. डॉक्टरांनी नाकाला ऑक्सिजन लावला, ब्लडप्रेशर बघितलं. म्हणाले, "घाट लागला असेल. वयही झालंय. बघू थोडा वेळ."

बाई मान हलवत होत्या. मीही हलवली. वय झालंय, हे सगळ्यांच्या सोयीचं होतं.

मावशींना थंडी वाजत होती म्हणून मी शाल आणायला गाडीकडे गेले. दार सरकवलं. गाडी तशीच बंद उभी होती, आणि आत वास होता. पेट्रोलचा नव्हे. सायलेन्सरचा, जळका, कोंदट. मी वाकून गादीला नाक लावलं. मग गादी उचलली.

मी चिकटवलेलं रबर इंजिनाच्या तापानं सुटून वर वळलं होतं, वाळलेल्या पानासारखं. झाकणाच्या कडेनं पांढऱ्या रंगावर काजळीची काळी रेघ उमटली होती. ताजी. बोट लावलं तर बोटाला आली.

चिकटद्रव्य अजून ऊन होतं. अंगठ्यानं दाबलं असतं तर रबर परत जागेवर बसलं असतं, आणि वरून गादी. डॉक्टरांनी वयाचं नाव घेतलंच होतं. हा विचार माझ्या मनात आला. आला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल.

मी गादी तशीच उघडी टाकली आणि शाल घेऊन आत गेले. आधी डॉक्टरांना गाठलं. "डॉक्टर, घाट न्हाय लागला. गाडीतला धूर लागलाय. त्या इंजिनावर झोपल्या होत्या आणि झाकणाचं रबर सुटलंय. ते मी बसवलं होतं."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्यांची हालचालच बदलली. नाकातली नळी काढून मास्क लावला, ऑक्सिजन वाढवला, रक्त काढलं. म्हणाले, "हे आधी कळायला पाहिजे होतं. आता संध्याकाळपर्यंत हलवायचं नाही."

बाई बाकावर बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. म्हणाल्या, "धुरातला विषारी वायू. त्याला रंग नाही, वास नाही, मनुष्य झोपेत जातो. तीस वर्षं मुलांकडून पाठ करून घेतलं मी. आणि आज आरशात बघून म्हटलं, बघा कशी झोपली."

"चूक तुमची न्हाय बाई. जुन्या फाटक्या रबरांतनं चारी बाजूंनी वारा खेळत होता. मी सगळी भोकं बुजवली आणि एकच ठेवलं. ते धुराचं."

त्यांनी माझ्या हातातली शाल घेतली आणि आईकडे गेल्या. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दुपारनंतर मावशींची जीभ सुटली. चहा मागितला, तो पचलाही. संध्याकाळी डॉक्टरांनी सोडलं. मायलेकी भाड्याच्या मोटारीनं निपाणीला गेल्या. गाडी एका मेस्त्रीनं सगळ्या काचा उघड्या टाकून पोहोचवली. जाताना बाई मला एवढंच म्हणाल्या, "ती गाडी आता मला नको."

बेळगावला परतताना बसमध्ये मी खिडकीशी बसले आणि खिडकी उघडी ठेवली. शेजारच्या बाईनं दोनदा बंद करायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी साचा करायला दिला. कुणी सांगितलं नव्हतं. दवाखान्यातून निघताना जुन्या रबराचे तुकडे मी पिशवीत घातले होते. ते कागदावर जुळवून माप काढलं. तापाला टिकणारा माल मागवला. तो काळा नसतो, विटकरी असतो. तीन आठवड्यांनी साचा आला. पहिलं रबर काढलं, त्यात बुडबुडे निघाले. दुसऱ्याला एक कोपरा अपुरा राहिला. तिसरं बरं आलं. कस्तुरी कात्री घेऊन पापुद्रा कापायला बसणार, तोवर मी तिच्या हातातली कात्री घेतली आणि स्वतः कापलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि खाली पडलेले पापुद्रे गोळा करायला लागली.

रबराचं ते कडं पिशवीत घालून मी निपाणीला गेले. बाईंनी दार उघडलं आणि दारातच उभ्या राहिल्या. आतून आवाज आला, "कोण गं?"

"रबरवाल्या आक्का आहेत."

"मग आत घे की. दारात का हुबी केलीस?"

मावशी खाटेवर कुशीवर होत्या. मला शेजारी बसवून त्यांनी सरळ विचारलं, "मी मेलो असतो व्हय गं त्या दिशी?"

"व्हय मावशी. आणखी अर्धा तास गाडी चालली असती तर."

बाई खिडकीकडे बघत होत्या. मावशींनी थोडा विचार केला. "दाक्तर तर म्हणत हुता वय झालंय. बरं झालं तू सांगितलंस. वयाला औषिद न्हाय. रबराला हाय." मग लेकीकडे बघून, "काय गं, हाय का न्हाय?"

"आई, नको आता ते."

"तू नको म्हण. मी जानार. तिनं रबर आणलंय, ते बघू तरी."

बाई आत गेल्या, ते एक लहान डबी घेऊनच बाहेर आल्या. धुराचा वायू वाढला की ओरडणारी डबी. त्यांनी ती कधीच मागवून ठेवली होती. सायलेन्सरच्या जोडाला भेग होती, तीही मेस्त्रीकडून नवा पाइप टाकून दुरुस्त करून घेतली होती. गाडी नको म्हणणाऱ्या बाईंनी गाडीसाठी एवढं करून ठेवलं होतं, आणि आईला त्यातलं काही सांगितलं नव्हतं.

आम्ही अंगणात गाडीची दारं सताड उघडली. मी रबर बसवलं, झाकण आवळलं, इंजिन चालू केलं. इंजिनाच्या पंख्याचा वारा कुठून वर येतो हे बघायला मी नेहमी उदबत्ती वापरते. पेटवली, पण अंगणातल्या वाऱ्यानं तिचा धूर इकडं तिकडं जाई. काही समजेना. मावशी दारात खुर्चीवर उशीला टेकून बघत होत्या.

"उदबत्तीनं काय व्हनार? विडी लावा. विडीचा धूर जाड असतोय, लगीच मोडत न्हाय."

बाईंचा चेहरा कसनुसा झाला. आईला त्या पाटावरून उठवण्यात त्यांची अर्धी नोकरी गेली होती. घरात पंधरा वर्षं तंबाखूचा कण नव्हता. पण निपाणीत विडीचं पान आणायला लांब जावं लागत नाही. शेजारच्या घरातून पान आलं, तंबाखू आली, दोरा आला. मावशींनी पान ओलं करून मांडीवर पुसलं, कात्रीनं कापलं, चिमूटभर तंबाखू पसरली, आणि काय झालं ते मला दिसलंच नाही. बोटं हलली आणि विडी तयार. टोक नखानं मुडपलेलं, दोरा गुंडाळलेला. त्यांनी अशा चार वळल्या आणि चारही एका मापाच्या होत्या.

पण ओढून पेटवणार कोण? जन्मभर विड्या वळलेल्या मावशींनी कधी एक ओढली नव्हती. "मला येत न्हाय बाई," म्हणाल्या. विज्ञानाच्या बाई दोन पावलं मागं सरकल्या. शेवटी मी ओढली आणि ठसका लागून डोळ्यातून पाणी आलं. मायलेकी पहिल्यांदा एकत्र हसल्या.

विडी मी झाकणाच्या कडेनं हळूहळू फिरवली. मावशी म्हणाल्या तसंच झालं. धुराची जाड रेघ सरळ वर जात होती. तीन बाजू झाल्या. चौथ्या कोपऱ्याला धूर एकदम हलला आणि माझ्या तोंडावर आला. पुन्हा नेली, पुन्हा तसंच.

मी रबर काढून बघितलं. कोपऱ्याला कात्री एक केसभर जास्त गेली होती. कस्तुरीच्या हातून घेऊन मी स्वतः कापलेला कोपरा.

"नापास," बाई म्हणाल्या. पण या वेळी त्यांच्या आवाजात राग नव्हता.

मी ते रबर पिशवीत घातलं, बेळगावला आले आणि नवं काढलं. पापुद्रा कस्तुरीनं कापला. पुढच्या आठवड्यात पुन्हा अंगण, पुन्हा विडी. चारी बाजूंनी धूर सरळ राहिला. बाईंनी माझ्या हातातली विडी घेऊन स्वतः एकदा फिरवली, तरी सरळ. डबीचा आकडा शून्यावरून हलला नाही.

तेव्हा मावशींनी अट घातली. "जिनं रबर बसिवलं ती माझ्या शेजारी निजंल. कोल्लापूरपतोर."

मला ते रास्त वाटलं. साच्यापायी महिना गेला होता, थंडी लागली होती, पण मावशी आता थांबायला तयार नव्हत्या. निघायच्या दिवशी सकाळी मी निपाणीला पोहोचले आणि त्यांच्या शेजारी पलंगावर आडवी झाले. खाली इंजिन घुरघुरत होतं. डोक्यावर डबी टांगली होती. रबर पास झालं होतं तरी दोन्ही बाजूंच्या काचा आम्ही दोन-दोन बोटं उघड्या ठेवल्या होत्या.

महामार्ग लागल्यावर मावशी छताकडे बघत बोलायला लागल्या. "मी चौदा वर्साची हुतो. आमच्या गल्लीतली मानसं नागपूरला निघाली. माझा बा बी निघाला. मी म्हटलं मला न्या. आय दुखण्यात, घरात वळनारी मी एकटीच. बा म्हनला, पुढच्या टायमाला नेतो. आला तवा लई आनंदात हुता. काय काय बघितलं ते रोज सांगायचा. मी वळत वळत आयकायचो." थोडं थांबून म्हणाल्या, "त्यो पुढचा टाइम काय आला न्हाय बग."

कागल मागं गेलं. त्यांचे डोळे मिटले. मी कोपरावर उठून त्यांच्या छातीकडे बघत राहिले. पदर वर जात होता, खाली येत होता. मग डबीकडे बघितलं. शून्य. मग परत पदराकडे.

"जिती हाय का बगतीस व्हय?" त्या डोळे न उघडता म्हणाल्या.

"व्हय मावशी."

"बग मग," असं म्हणून त्या खरोखरच झोपल्या.

कोल्हापूरला मी उतरले. माझ्या सांगण्यावरून बाई दर तासाला थांबत, काचा उघडत आणि आईशी चार शब्द बोलत पुढं गेल्या. चौथ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. मी प्रेसजवळ होते.

"पोहोचलो. सकाळपासून इथंच आहे. आत फरशीवर बसलीय, उठायला तयार नाही. पाठ दुखते का विचारलं, तर उत्तर देत नाही. तुम्हीच बोला तिच्याशी."

फोन मावशींकडे गेला. मागं मोठ्या घुमटाखाली असतो तसा आवाज येत होता. कुणी हळू बोललं तरी घुमतो तसा.

"मावशी, काय करताय एवढा वेळ?"

"काय न्हाय गं," त्या म्हणाल्या. "नुसतं बसलोय. जल्मात पयल्यांदा बसलोय बग, आनि हाताला काम न्हाय."

मी म्हटलं, "बसा. निवांत बसा."